चाळीस एकर आणि आपले गायरान

अमेरिकेतील गुलामगिरीचा विषय निघाला की आपल्याकडचा वक्ता अब्राहम लिंकनपाशी येऊन थांबतो. लिंकनने तिकडच्या गुलामांच्या बेड्या तोडल्या, बाबासाहेबांनी इकडे आमच्या बेड्या तोडल्या, अशी तुलना होते, टाळ्या पडतात आणि सभा संपते. टाळ्यांना आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु बेड्या तुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस कोणाच्या शेतावर कामाला गेला, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील ज्या बांधवांनी गायरान कसले आणि ज्यांच्या सातबाऱ्यावर आजही नाव चढलेले नाही, त्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

१२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जिया राज्यातील सव्हाना या शहरात एक बैठक झाली. यादवी युद्ध संपत आले होते. उत्तरेचा सेनापती विल्यम शेरमन आणि युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून घेतले आणि विचारले, तुमच्या लोकांना नेमके काय हवे आहे? त्या वीस जणांच्या वतीने गॅरिसन फ्रेझियर हा सदुसष्ट वर्षांचा गृहस्थ बोलला. आयुष्यातील बहुतेक वर्षे त्याने गुलामीत काढलेली होती. त्याने ना पेन्शन मागितली, ना नोकरी. आम्हाला जमीन द्या, ती आम्ही स्वतःच्या श्रमाने कसू, पुढे पैसे साठले की विकतही घेऊ, असे त्याचे म्हणणे होते. चारच दिवसांनी, १६ जानेवारीला, शेरमनने विशेष आदेश क्रमांक १५ काढला. दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीतील पळपुट्या मळेवाल्यांची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत द्यावी, असा तो आदेश होता. सुमारे चाळीस हजार लोक सुमारे चार लाख एकरांवर बसले. त्यांनी पेरणी केली, झोपड्या बांधल्या.

आणि मग काय झाले? एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. गादीवर आलेला अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने जुन्या मळेवाल्यांना माफी देण्याचा सपाटा लावला आणि माफीबरोबर त्यांची जमीनही परत केली. हा निर्णय लोकांना सांगण्याचे काम आले जनरल ओलिव्हर हॉवर्ड यांच्यावर. मुक्त झालेल्यांच्या पुनर्वसन खात्याचे ते प्रमुख होते. माणूस सज्जन होता, काळ्यांच्या शिक्षणासाठी झटणारा होता, त्यांच्या नावाचे विद्यापीठ आजही वॉशिंग्टनला उभे आहे. ऑक्टोबर १८६५ मध्ये ते एडिस्टो बेटावर गेले आणि तुमच्या जुन्या मालकांशी समेट करा, त्यांच्याकडे मजुरीवर राहा, असे त्यांना लोकांना सांगावे लागले. बेटावरच्या लोकांनी तिघांची समिती नेमून त्यांना लेखी उत्तर दिले. ज्याने आम्हाला झाडाला बांधून फटके मारले त्याला क्षमा करायला तुम्ही सांगता, पण त्याच्या शेतावर राबल्याशिवाय तो आम्हाला त्याच्या रिकाम्या झोपडीतही राहू देत नाही, मग आम्ही मुक्त कसे, असा त्या उत्तराचा आशय होता. सज्जन अधिकारी निरुत्तर झाला. जमीन मात्र गेली ती गेलीच.

जमिनीचा दुष्काळ नव्हता

अमेरिकेकडे द्यायला जमीन नव्हती, असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे. जगात त्या काळी जमीन वाढवीत सुटलेला तो देश होता. १८०३ मध्ये अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी फ्रान्सकडून लुइझियानाचा मुलूख विकत घेऊन देशाचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट केले. १८६७ मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड यांनी बहात्तर लाख डॉलर मोजून रशियाकडून अलास्का घेतला. हेच सीवर्ड एकेकाळी गुलामगिरीविरोधी पुढारी म्हणून गाजलेले होते, पण जॉन्सन मळेवाल्यांना जमिनी परत करीत असताना ते जॉन्सनच्याच मंत्रिमंडळात बसून राहिले. १८६२ चा होमस्टेड कायदा तर याहून बोलका आहे. सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहा, ती कसा, आणि नाममात्र शुल्कात १६० एकरांचे मालक व्हा, असा तो कायदा. या कायद्याखाली पुढच्या काळात सुमारे सत्तावीस कोटी एकर जमीन वाटली गेली. काळ्यांसाठी १८६६ मध्ये दक्षिणेत वेगळा होमस्टेड कायदा झाला, पण तेथील जमीन हलकी, हाती अवजारे नाहीत, बैल नाहीत, वर गोऱ्यांची दहशत. दहा वर्षांत, १८७६ मध्ये, तो कायदा रद्दही झाला.

म्हणजे सरकारी जमिनीवर बसलेल्या गोऱ्याला 'वसाहतकार' म्हणायचे आणि सरकारी आदेशाने बसलेल्या काळ्याला उठवायचे, असा हा न्याय होता. आपल्याकडचा शब्द आठवून पाहा. गावच्या पाटलाने ओढ्याकाठची सरकारी पट्टी आपल्या शेतात ओढली तर ती 'वहिवाट' होते आणि आपल्या माणसाने माळरानावरचे दगड वेचून दोन एकर काढले तर ते 'अतिक्रमण' होते.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांपासून लपवून चालणार नाही. होमस्टेड कायद्याखाली वाटलेली जमीन रिकामी नव्हती. ती तेथील मूळ निवाशांची होती. १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर हेन्री डॉस यांनी एक कायदा आणला. डॉस स्वतःला मूळ निवाशांचे हितचिंतक मानीत आणि सुधारक मंडळींत त्यांची ऊठबस होती. जमातीची सामायिक जमीन तोडून प्रत्येक कुटुंबाला तुकडा द्यावा म्हणजे हे लोक सुधारतील, असा त्यांचा विचार. तुकडे वाटून उरलेली जमीन 'जादा' ठरवून विकण्यात आली. १८८७ मध्ये मूळ निवाशांकडे सुमारे तेरा कोटी ऐंशी लाख एकर जमीन होती, १९३४ पर्यंत ती चार कोटी ऐंशी लाखांच्या आसपास उरली. ज्यांचे भले करायचे त्यांना न विचारता केलेली सुधारणा अशी असते. किनवट-माहूरच्या डोंगरातील गोंड, कोलाम आणि आंध बांधवांचा वनजमिनीवरचा हक्क सोडून आपण जमिनीची भाषा बोलू लागलो, तर आपणही त्या डॉससाहेबांच्याच पंगतीला बसू, हे ध्यानात ठेवावे.

दोन माणसे खरे बोलली

त्या गोऱ्या पुढाऱ्यांत खरे बोलणारेही होते. पेनसिल्व्हेनियाचे थॅडिअस स्टीव्हन्स यांनी सप्टेंबर १८६५ मध्ये जाहीर मागणी केली की, दक्षिणेतील सर्वांत मोठ्या सत्तर हजार जमीनदारांची जमीन जप्त करा आणि प्रत्येक मुक्त प्रौढ पुरुषाला चाळीस एकर द्या. जमीन हातात नसेल तर मताचा अधिकार फार दिवस टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्याच पक्षाने त्यांना साथ दिली नाही. मालमत्तेचा अधिकार पवित्र, असे तेथील भांडवलदारांना वाटत होते. काल एकाची जमीन घेतली तर उद्या आपली गिरणी घेतील, ही भीती होती. १८६८ मध्ये स्टीव्हन्स वारले. ज्या दफनभूमीत काळ्यांना मज्जाव नव्हता अशीच दफनभूमी त्यांनी स्वतःसाठी निवडली होती.

दुसरे चार्ल्स सम्नर. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे ते अध्यक्ष होते. अध्यक्ष ग्रँट यांना कॅरिबियनमधील सांतो दोमिंगो अमेरिकेला जोडायचे होते. सम्नरनी विरोध केला, म्हणून १८७१ मध्ये त्यांना समितीच्या अध्यक्षपदावरून काढण्यात आले. हॉटेल, वाहने, नाट्यगृहे सर्वांना खुली करणाऱ्या नागरी हक्क विधेयकासाठी ते मरेपर्यंत झगडले. १८७४ मध्ये ते गेले, १८७५ मध्ये कायदा झाला आणि १८८३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला.

या दोघांच्या बरोबरीने नाव घ्यावे लागते ते फ्रेडरिक डग्लस यांचे. गुलामीत जन्मलेला, १८३८ मध्ये पळून सुटलेला, पुढे लेखक, संपादक, वक्ता झालेला हा माणूस. परंतु त्यांचेही आयुष्य सरळ नव्हते. सांतो दोमिंगोच्या प्रकरणात ते सम्नर यांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. सरकारी आयोगाबरोबर तेथे जाऊन आले आणि विलीनीकरणाच्या बाजूने बोलले. १८८९ मध्ये सरकारने त्यांना हैतीला आपला राजदूत म्हणून पाठवले. हैती म्हणजे गुलामांनी बंड करून स्वतंत्र केलेला देश. त्याच देशाकडून आरमारी तळासाठी बंदर मिळवण्याच्या वाटाघाटीत सरकारने त्यांना ओढले, दबावासाठी युद्धनौकांसह एक नौदल अधिकारीही पाठवला. हैतीने नकार दिला, तेव्हा अमेरिकेतील वृत्तपत्रांनी खापर डग्लस यांच्यावर फोडले. १८९१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. आपल्या माणसाला मोठे पद मिळाले की समाजाला आनंद होतो आणि व्हावाही. पण पद देणारा त्या माणसाकडून कोणते काम करवून घेणार आहे, हे समाजाने पाहायचे असते. समित्या आणि महामंडळांवर वर्णी लागलेल्या आपल्या पुढाऱ्यांनी डग्लस यांची ही वर्षे वाचावीत.

मात्र याच डग्लस यांनी १८८० मध्ये विचारले होते की, रशियाने भूदास मुक्त केले तेव्हा त्यांना जमिनीचा तुकडा तरी दिला, आम्हाला काय दिले? आणि १८८८ मध्ये दक्षिणेतील खेडी पाहून आल्यावर ही मुक्ती म्हणजे मोठी फसवणूक आहे, असे त्यांनी भर सभेत सांगितले. कारण तेव्हा तिकडे बटाईची शेती सुरू होती. जमीन मालकाची, बी मालकाचे, उधारीचे दुकान मालकाचे, हिशेबाची वही मालकाची. वर्षाच्या शेवटी कुळाच्या नावावर कर्जच निघायचे. मिसिसिपी राज्याने तर १८६५ मध्येच कायदा करून काळ्यांना शहराबाहेर जमीन भाड्याने घेण्याचीही बंदी घातली होती. मुखेड-कंधारच्या माणसाला हे परके वाटेल काय? मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या फडावर जाणारे जोडपे आणि वर्षाच्या बोलीवर राहणारा सालगडी, यांच्या हिशेबाची वही तरी कोणाच्या हातात असते?

जोतीराव आणि बाबासाहेब

महात्मा जोतीराव फुले यांनी १ जून १८७३ रोजी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी काळ्यांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यामागची आशा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने काळ्यांची कत्तल केली होती. मृतांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातात. जोतीरावांनी ज्यांचा गौरव केला त्यांची मेहनत तिकडे तेव्हाच धुळीला मिळू लागली होती. याने अर्पणपत्रिकेचे मोल कमी होत नाही. उलट जोतीरावांनी गौरव केला तो झीज सोसणाऱ्यांचा, अमेरिकन सरकारचा नव्हे, हा फरक आपल्याला नीट दिसतो.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. काळ्यांच्या मुक्तीचा आणि तिच्या पराभवाचा इतिहास त्यांना ठाऊक होता. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यादवी युद्धानंतर काळ्यांचा कसा विश्वासघात झाला ते सांगून अस्पृश्यांना सावध केले आहे. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहून, अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये हक्कांची कलमे मांडताना १८६६ व १८७५ च्या त्याच अमेरिकन नागरी हक्क कायद्यांचा आधार घेतला. मात्र ते तेवढ्यावर थांबले नाहीत. शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, ती जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, आणि अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी पडीक जमीन मिळवून देणारा आयोग असावा, हेही त्यांनी त्यात लिहिले. सम्नरचा कायदा जमिनीवाचून का कोसळला, याचे उत्तर त्या मसुद्यात आहे. संविधानात ही जमिनीची कलमे आली नाहीत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी खेड्यातील भूमिहीनांसाठी जी तळमळ व्यक्त केली ती याच अपुऱ्या राहिलेल्या कामाची होती.

मराठवाड्याचा हिशेब

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ. नांदेड आणि आजचा लातूर हा निजामाच्या राज्याचा भाग. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९८२ मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या आणि १९५० मध्ये कूळ कायदा झाला. कायदा चांगला होता, पण तो कागदावर नाव असलेल्या कुळासाठी होता. आपला माणूस बहुतेक ठिकाणी कूळही नव्हता. तो सालगडी होता, मजूर होता, गावकीच्या कामाचा धनी होता. जहागीरदाराची जमीन कुळाकडे गेली, मजूर मजूरच राहिला. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला तेव्हा मोठ्या घरांनी मुलांच्या, नातवांच्या, गड्यांच्या नावाने कागद करून घेतले, हे गावोगाव सर्वांना ठाऊक आहे.

म्हणून आपल्यासाठी उरले ते गायरान आणि पडीक. १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. १९५९ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशभर केलेल्या सत्याग्रहात तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेल्याची नोंद चळवळीत आहे. या दडपणाने शासनाला निर्णय घ्यावे लागले. १९७८ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ पर्यंतची अतिक्रमणे आणि २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पुढे बीडच्या एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने मराठवाड्यात हा प्रश्न पुन्हा पेटता ठेवला.

निर्णय झाले, पण अंमलबजावणीसाठी कागद गेला त्याच गावात, त्याच पाटलाच्या ओट्यावर. पंचनाम्याला पंच गावचेच. 'याने जमीन कसली' असे लिहून द्यायचे कोणी? १९७८ च्या ऑगस्टमध्ये नामांतराच्या निमित्ताने मराठवाडा पेटवण्यात आला, नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा खून झाला, वस्त्या जळाल्या. तो सारा राग विद्यापीठाच्या पाटीवरचाच होता काय? ज्या गावात कालचा मजूर दोन एकर कसू लागतो आणि हाळी दिल्यावर येत नाही, त्या गावचा राग पाटीच्या आधीपासून साचलेला असतो. कोलफॅक्सच्या टोळीलाही निमित्त निवडणुकीचे होते.

आज नवे निमित्त आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतियाळा जिल्ह्यातील एका गावतळ्याच्या खटल्यात गावच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून गायरानाचा प्रश्न हाती घेतला. सरकारने सांगितलेला आकडा दोन लाखांहून अधिक बांधकामांचा होता. गावोगाव नोटिसा निघाल्या. २०२३ मध्ये सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी सरकारी व गायरान जमिनी देण्याचे ठरले. म्हणजे गायरान गुरांसाठी राखायचे म्हणून माणसाला उठवायचे आणि मग तेथे कंपनीच्या काचा उभ्या करायच्या! गुरांना चराई लागते, धनगर बांधवाच्या मेंढ्यांनाही लागते, हे आम्ही नाकारत नाही. पण गुरांच्या नावाने रिकामी केलेली जमीन गुरांनाही मिळणार नसेल, तर हा युक्तिवाद प्रामाणिक नाही.

२०११ च्या त्याच निकालात एक अपवाद आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने पट्टा दिलेला असेल, अशा प्रकरणांत नियमितीकरणाला न्यायालयाने वाट ठेवली आहे. म्हणून आता भाषणापेक्षा कागद महत्त्वाचा. तलाठ्याकडील गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणाची नोंदवही आहे. तिच्यात १४ एप्रिल १९९० पूर्वीची नोंद आहे का ते पाहावे आणि नक्कल घ्यावी. दंड भरल्याच्या जुन्या पावत्या पेटीच्या तळाशी असतील तर बाहेर काढाव्यात. आजोबांचे नाव, आडनाव वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळे पडले असेल तर आताच दुरुस्त करून घ्यावे. नोटीस आली तर घाबरून अंगठा न देता लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांनी दादासाहेबांच्या नावाच्या सबळीकरण योजनेत अर्ज करावा. चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत देण्याची तरतूद तिच्यात आहे. विकायला जमीन नाही असे उत्तर मिळाले तर तेही लेखी मागावे. आपल्या समाजात आता वकील झाले, इंजिनिअर झाले, तहसीलमध्ये कारकून झाले. त्यांनी वर्षातले चार रविवार आपल्याच गावच्या नोंदी तपासण्यासाठी दिले तरी पुष्कळ काम होईल.

एडिस्टो बेटावरच्या त्या तिघांनी जनरलसाहेबांना उत्तर लिहून ठेवले म्हणून दीडशे वर्षांनंतर आपल्याला त्यांची बाजू कळते. त्यांची जमीन वाचली नाही, कारण त्यांच्या मागे संघटना नव्हती आणि प्रतिनिधिगृहात स्टीव्हन्स एकटे पडले होते. आपल्या हाती संविधान आहे, शासनाचे दोन निर्णय आहेत आणि तीन सत्याग्रहांची परंपरा आहे. एवढे असूनही १४ एप्रिल १९९० ची नोंद वहीत पडून राहिली आणि जमीन सौर कंपनीकडे गेली, तर पुढची पिढी जॉन्सनला दोष देणार नाही, आपल्याला देईल.

जय भीम!